आईला खरं सांगितलं तर ती हाय खाईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई 61 वर्षांची, कराडजवळच्या गावात असते. डाव्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी केली, कॅन्सर निघाला. काखेतल्या गाठींपर्यंत पोचला आहे, पुढे कुठे पसरलेला नाही. डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला आत बोलावून सांगितलं की आधी 8 केमो, मग ऑपरेशन, मग लाईट (रेडिएशन). आईला मात्र घरच्यांनी सांगितलंय, "गाठ साधीच आहे, सुकवायला सलाईन लावायचंय." पहिली केमो येत्या मंगळवारी. मामा म्हणतात, तिला कळलं तर ती हाय खाईल. बहिणीचं लग्न ठरायचंय म्हणून बाहेरही कुणाला कळू द्यायचं नाही. आणि तुम्ही विचारताय, सांगू का, आणि सांगायचं तर कसं.

माझं मत स्पष्ट आहे: सांगा, आणि मंगळवारच्या आधी सांगा. पण "सांगायचं की नाही" इथेच अडकून राहिलात तर खरी अडचण हातून निसटेल. तुमच्या आईला बहुतेक कुणकुण लागलेली आहे. रिपोर्ट आल्यापासून घरात माणसं हळू आवाजात बोलतात, ती खोलीत आली की विषय बदलतो, पुण्याचा मुलगा मधल्या वारी रजा टाकून येतो, फाइल कपाटात वरच्या फळीवर गेलेली असते. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला एवढं पुरतं. मग तीही तुमच्यासाठी गप्प राहते, कारण पोरांना वाटतंय मला माहीत नाही, तर तसंच वाटू दे. दोन्ही बाजू एकमेकांना जपतात, आणि जिला सगळ्यात जास्त भीती वाटतेय ती त्या भीतीत एकटी पडते. कॅन्सरच्या पेशंटांबरोबरच्या आमच्या कामात हे इतकं नेहमीचं आहे की "पेशंटला काही माहीत नाही" असं नातेवाइकांनी सांगितलं की आधी पेशंटलाच शांतपणे विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" बऱ्याचदा उत्तर येतं, "तेच असणार. पण पोरांना सांगू नका मला माहितेय म्हणून."

आता लपवण्याचे व्यावहारिक परिणाम बघा, कारण मामांना पटवताना हेच कामाला येतील.

पहिलं, ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत ताप 100.4 फॅरेनहाइट किंवा वर गेला तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. "साध्या गाठीचं सलाईन" लावून आलेली बाई अंग तापलं की क्रोसिन घेते आणि पांघरूण ओढून झोपते. पोरांना रात्री कशाला त्रास, म्हणून. तिला कारण माहीत नसेल तर ती थर्मामीटर लावणारच नाही, आणि हा धोका जिवावरचा आहे.

दुसरं, उपचार मध्येच सोडणं. पहिल्या काही केमोत बहुतेक जे लाल औषध असतं त्याने लघवी एक-दोन दिवस लालसर होते, आणि दोन ते तीन आठवड्यांत केस गळायला लागतात. तोंड येतं, चव जाते. साधी गाठ असेल तर एवढा छळ कशासाठी, असं तिला वाटणारच. दुसऱ्या-तिसऱ्या केमोनंतर "मला आता काही नको, गाठ राहू दे" म्हणणाऱ्या अनेक बायांना आपल्याला काय झालंय हेच कुणी नीट सांगितलेलं नसतं. गाठ केमोने मऊ पडली, लहान झाली, की हा हट्ट आणखी वाढतो.

तिसरं, सही. संमतीपत्रावर सही तिची लागते. सज्ञान आणि स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाऐवजी नातेवाइकाने संमती देणं चालत नाही. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हे स्पष्ट केलं. त्या प्रकरणात पेशंट तात्पुरती भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन मोठं ऑपरेशन केलं होतं, आणि कोर्टाने ती संमती मानली नाही. तुमच्या आईचं पुढे स्तनाचं ऑपरेशन आहे. त्या दिवशी तिला काय सांगणार?

आणि चौथं, ज्याचा घरच्यांना विचारच सुचत नाही: केमोचा वॉर्ड. तिथे शेजारच्या खुर्चीवरची बाई पहिल्याच दिवशी विचारते, "तुमची कितवी?" दारावर पाटी असते, बाटलीवर नाव असतं, सिस्टर फाइल हातात घेऊन रोगाचं नाव घेऊन बोलतात. तुम्ही सांगितलं नाही तर तिला तिथे कळेल, सलाईन लावलेलं असताना, अनोळखी माणसांत. आणि त्याच्याबरोबर हेही कळेल की घरातले सगळे खोटं बोलत होते. रोगाच्या नावापेक्षा हे दुसरं कळणं माणसाला जास्त लागतं. त्यानंतर "डॉक्टर म्हणाले औषध लागू पडतंय" हे खरं असलं तरी ती विश्वास ठेवत नाही.

मामांची भीती खोटी नाही, तिची टिंगल करू नका. कळल्यावर माणूस कोसळतो. पहिले काही दिवस रडणं, झोप न लागणं, घास न गिळणं, मधूनच रिपोर्ट चुकला असेल म्हणणं, देवावर चिडणं, हे सगळं होतं. पण सोबत असेल आणि पुढे काय करायचं हे ठरलेलं असेल तर साधारण दोन आठवड्यांत माणूस सावरायला लागतो. हाय खाल्ली असं ज्याला आपण म्हणतो, ते अर्धवट कळलेल्या माणसाच्या वाट्याला जास्त येतं, कारण न सांगितलेल्या जागा तो स्वतःच्या कल्पनेने भरतो. लपवतायत म्हणजे शेवटचंच असणार, हे तो धरूनच चालतो. तुमच्या आईच्या बाबतीत तर खरी गोष्ट तिच्या कल्पनेपेक्षा बरी असण्याची शक्यता मोठी आहे. पुढे पसरलेला नाही, आणि उपचार बरं करण्याच्या हेतूने चाललेत.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. आईची स्मरणशक्ती फार कमी झालेली असेल, पूर्वी मोठं नैराश्य आलेलं असेल किंवा जीव देण्याचा प्रयत्न झालेला असेल, तर आधी डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना ते सांगा आणि बोलणं त्यांच्या समोर करा. कॅन्सर पसरलेला असता तर शब्द वेगळे निवडावे लागले असते, "बरं करायचंय" असं म्हणता आलं नसतं, "आटोक्यात ठेवायचंय, त्रास कमी करायचाय" असं म्हणावं लागलं असतं. आणि काही माणसांना खरोखरच तपशील नको असतात. "माझ्या मुलाशी बोला, मला नका सांगू," असं ती स्वतः म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. फक्त ते तिच्या तोंडून यायला हवं. मामांनी तिच्या वतीने ठरवायचं नाही.

मंगळवारच्या आधी एवढं करा. उद्याच डॉक्टरांची दहा मिनिटं मागा आणि विचारा: उपचाराचा हेतू बरं करणं हाच आहे ना, केमो किती आठवड्यांच्या अंतराने, ऑपरेशन साधारण कोणत्या महिन्यात, आणि आईने विचारलं तर तुम्ही स्वतः तिच्याशी बोलाल का. रुग्णालयात समुपदेशक किंवा मेडिकल सोशल वर्कर असेल तर त्यांनाही भेटा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ही सोय असते, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तर आहेच. पण कुणी आपणहून तुमच्याकडे येत नाही, विचारावं लागतं.

मामांना फोनवर नको, भेटून सांगा. "मामा, तुमचं काळीज कळतं मला. पण तिला केमोच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती आपल्या दोघांनाही माफ करणार नाही. मी तिला आधी विचारणार आहे, तिला हवं तेवढंच सांगणार आहे. तुम्ही त्या वेळी शेजारी बसा." सांगायचं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा "ती विचारेल तेवढंच" या बोलीवर बहुतेक मामा तयार होतात. तरीही नाही म्हणाले तर एवढंच मागा की तिने थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

वेळ शनिवारी किंवा रविवारी सकाळची, नाश्ता झाल्यावर. संध्याकाळी नको, रात्र अंगावर येते. गाडीत नको, कारण तिथे तोंड बघता येत नाही आणि उठून जाता येत नाही. खोलीत दोन-तीन माणसंच असावीत, तुम्ही, बहीण, फार तर मामा. टीव्ही बंद, फोन बंद. ऐकू कमी येत असेल तर त्या कानाच्या बाजूला बसू नका. फाइल जवळ ठेवा, उघडू नका.

सुरुवात सांगण्याने करू नका, विचारण्याने करा. "आई, एवढ्या तपासण्या झाल्या, तुला काय वाटतं काय असेल?" मग थांबा, खरोखर थांबा. ती म्हणेल, "तुम्हीच म्हणता ना साधी गाठ." हे उत्तर नसतं, ती तुम्हाला अजमावत असते. पुढे विचारा, "डॉक्टरांनी सगळं सांगितलंय. तुला सगळं ऐकायचंय, की थोडंच, की मीच बघू सगळं?" तिने होकार दिला की एक वाक्य धक्का सोसायला तयार करणारं: "बातमी आपल्याला हवी होती तशी नाहीये." दोन श्वास जाऊ द्या. मग शब्द नीट, एकदाच: "ती गाठ कॅन्सरची आहे. काखेपर्यंत आली आहे, पुढे कुठे गेलेली नाही. डॉक्टर बरं करायलाच उपचार देतायत."

"तसलं", "ते मोठं दुखणं", "पेशी जरा बदलल्यात" असे आडपडदे ठेवू नका. आडून बोललं की ऐकणाऱ्याला वाटतं, नाव घेववत नाही इतकं वाईट आहे. शब्द उच्चारल्यावर गप्प बसा. हे सगळ्यात कठीण काम आहे. माणसं इथेच घाईघाईने बोलायला लागतात: अमक्याच्या आत्याला होता, आता ठणठणीत आहे, हल्ली औषधं फार चांगली निघालीत. त्या क्षणी तिला यातलं काही ऐकू जात नाही. ती पदराला पीळ घालत जमिनीकडे बघत असेल, किंवा उठून चहा टाकायला जाईल. जाऊ द्या. पाठोपाठ जाऊन ओट्याशी नुसतं उभं राहा. "रडू नकोस" म्हणू नका. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या.

तीन प्रश्न बहुतेक येतातच. "मी वाचेन का?" यावर "काही होणार नाही तुला" हे वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही आणि तिलाही ते कळतं. म्हणा, "डॉक्टर म्हणतात बरं व्हायची चांगली आशा आहे. खात्री कुणीच देत नाही. जे कळेल ते तुला खरं सांगेन." दुसरा, "मग इतके दिवस माझ्यापासून लपवलंत?" इथे बचाव करू नका. "चुकलं. आम्हाला भीती वाटली. यापुढे तुझ्या मागे काही ठरवणार नाही." आणि तिसरा, जो ती कदाचित रात्री विचारेल: "माझ्या हातून काय पाप झालं?" बायका हा हिशोब मनात मांडत बसतात. सुनेला बोलले होते, उपास सोडला होता, छातीला मार लागला होता, पोराला अंगावर कमी पाजलं. स्पष्ट सांगा की बहुतेकींच्या बाबतीत एक असं कारण सांगताच येत नाही, मार लागल्याने कॅन्सर होत नाही, आणि पापाचा संबंध नाही. आनंदी राहिलीस तर बरी होशील, असंही नको. मग ज्या दिवशी ती खचेल त्या दिवशी तिला वाटेल की आपल्याच मनाने रोग वाढवला. "पॉझिटिव्ह राहा" याचं ओझं पेशंटच्या डोक्यावर फार असतं. उदास राहिल्याने केमो निकामी होत नाही. जेवण, पाणी, तारखा पाळणं आणि तापावर लक्ष, एवढं तिच्या हातात आहे.

ती काही आठवड्यांनी पुन्हा तेच विचारेल, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. सांगणं एका बैठकीत उरकत नाही.

त्यानंतरचे दिवस. रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारायचा: "आज मनाला किती जड वाटतं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही." जगभरच्या कॅन्सर रुग्णालयांत ही पट्टी वापरतात, आणि 4 किंवा वर आकडा आला की आम्ही अधिक चौकशी करतो. घरी तुम्ही कॅलेंडरवर तारखेखाली आकडा लिहून ठेवा. दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. बऱ्याच घरांत आकडा केमोनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी चढतो. त्यात औषधाचाही भाग असतो: उलटी थांबवायला दोन-तीन दिवस स्टेरॉइड देतात, त्याने रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, चिडचिड होते, आणि ते बंद झाल्यावर अंगातलं बळ गेल्यासारखं वाटतं. गोळी सकाळी-दुपारी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. घरच्यांना हे माहीत नसलं की "बघा, सांगितल्यामुळे झालं" असा निष्कर्ष निघतो.

दुःख आणि नैराश्य यातला फरक ओळखायला एक सोपी खूण. दुःखी माणूस रडतो, पण नातवाचा व्हिडिओ कॉल आला की क्षणभर हसतो, आवडीची भाकरी-आमटी असली तर दोन घास जास्त जातात. नैराश्यात ते क्षणही येत नाहीत. भूक, झोप, थकवा यावर भिस्त ठेवू नका, ते केमोनेही बिघडतात. दोन आठवडे सलग कशातच मन न रमणं, मी ओझं झाले असं सारखं म्हणणं, उपचार कशाला म्हणणं, ही लक्षणं असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. "मला जगायचंच नाही" असं म्हणाली तर विषय बदलू नका, सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलून हलकं वाटतं. हो म्हणाली तर तिला एकटं ठेवू नका, औषधांचा साठा तिच्या हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

मनाच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्या देणाऱ्या डॉक्टरांना कॅन्सरच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. पुढे टॅमोक्सिफेन नावाची हार्मोनची गोळी लागली तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधं तिचं काम कमी करू शकतात. पर्याय आहेत, फक्त डॉक्टरांना ते माहीत असायला हवं. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका.

केसांबद्दल आधीच बोला. स्तनापेक्षा केसांसाठी जास्त रडणाऱ्या बाया पुष्कळ असतात, कारण केस गेलेले सगळ्यांना दिसतात. पहिल्या केमोनंतर दहा-बारा दिवसांत केस कानापर्यंत कापून घेतले तर उशीवर लांब झुपके बघायची वेळ येत नाही. सुती स्कार्फ आधी आणून ठेवा. विग हवा असेल तर केस असतानाच रंग जुळवून घ्या. हळदीकुंकवाला, बारशाला जायचं ती स्वतःच बंद करेल. जबरदस्ती नको, पण बोलावणं आलंच नाही असं होऊ देऊ नका. एखाद्या जवळच्या मैत्रिणीला सांगा की घरी येऊन कुंकू लावून जा.

बाहेरच्यांचं काय? सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. आईलाच विचारा कुणाला सांगायचं, आणि सगळ्यांनी एकच वाक्य बोलायचं: "आईची ट्रीटमेंट चालू आहे, बाकी ती सांगेल तेव्हा." भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या, सर्दी-खोकला असलेल्यांना पेशी कमी असण्याच्या दिवसांत दारातूनच परत पाठवा. कॅन्सर लागत नाही. ताट-वाटी वेगळी ठेवू नका, नातवंडांना लांब करू नका. वेगळं ताट हे माणसाच्या मनाला फार लागतं. काळजी फक्त केमोनंतर पहिले 48 तास: उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे, संडासात भरपूर पाणी दोनदा, आणि माखलेले कपडे वेगळे धुवायचे. कारण तेवढा वेळ औषधाचा अंश बाहेर पडतो.

बहिणीच्या लग्नाचा मुद्दा दोन गोष्टी एकत्र करतो. स्तनाचे सगळे कॅन्सर आनुवंशिक नसतात, साधारण 5 ते 10 टक्केच घराण्यातून आलेल्या बिघाडाने होतात. तुमच्याकडे तसं आहे का, हे ठरवायला डॉक्टर विचारतात: आजीला, मावशीला, आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा होता का, किती वयात? याची उत्तरं तुमच्या आईलाच माहीत आहेत. तिच्यापासून लपवलंत तर बहिणीच्या तब्येतीसाठी लागणारी माहितीच बंद होते. स्थळांना काय आणि कधी सांगायचं हे नंतर, आई आणि बहीण मिळून ठरवतील. त्यासाठी मंगळवारच्या आधी आईला सांगायचं अडवून ठेवू नका.

तुमच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की तीन आठवडे झोप नाही. केमोच्या तारखा आणि डॉक्टर तुमच्याकडे असू द्या, जेवण आणि थर्मामीटर बहिणीकडे, गाडी आणि विमा किंवा महात्मा फुले योजनेचे कागद मामांकडे. ज्याला काम मिळतं त्याची भीती थोडी हलते, मामांचीही हलेल. आईला स्वतःसारखं कुणी भेटायला हवं असेल तर रुग्णालयात विचारा. इंडियन कॅन्सर सोसायटी 1951 पासून काम करते, आणि अनेक संस्थांत कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या बाया स्वयंसेवक म्हणून येतात. केस परत उगवलेली बाई समोर बसली की जे पटतं, ते तुमच्या-माझ्या बोलण्याने पटत नाही.

शनिवारी बोलणं झालं की आईने सगळ्यात आधी काय विचारलं ते तिच्याच शब्दांत इथे लिहा. पुढचं त्यावरून ठरवू.